‘कांबळी होऊ नकोस’

विनोद कांबळी शेवटची कसोटी खेळला ती नोव्हेंबर १९९५ मध्ये, कटकला, न्यूझीलंडविरुद्ध. वय वर्षं २३. नावावर १७ कसोट्या, १,०८४ धावा, सरासरी ५४.२०. ज्या वयात बहुतेक फलंदाज संघात पाय रोवायच्या खटपटीत असतात, त्या वयात याची कसोटी कारकीर्द आटोपलेली होती.

घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात विनोद कधी परका नव्हता. तो आमच्याच लाइनीवर गाडी पकडणारा मुलगा. त्यामुळे त्याच्याविषयीचा वाद इथे घरातल्या माणसाविषयी व्हावा तसा होतो. लग्नाच्या पंगतीत, गणपतीच्या मंडपात रात्री जागायला बसलेल्या मंडळींत, सकाळच्या गाडीतल्या ग्रुपमध्ये तो ऐकतच मी मोठा झालो. ‘पोराला स्वभाव नडला,’ असं एक बाजू म्हणते. ‘पोराला डावललं,’ असं दुसरी म्हणते. दोघेही तावातावाने बोलतात आणि एवढं बोलून झालं की विषय मिटल्यासारखे गप्प होतात. मला मात्र वाटतं की खरा विषय तिथूनच सुरू होतो. स्वभाव घडतो कुठे? तो सांभाळायचा कुणी? आणि सातत्य ही एकट्या माणसाची कमाई असते, की त्यात त्याच्या आसपासच्यांचाही वाटा असतो? विनोदच्या बाबतीत हे प्रश्न आपण कधी नीट विचारलेच नाहीत.

विनोदचं कांजूरमार्ग हे विक्रोळी आणि भांडुपच्या मधलं स्टेशन. फास्ट गाडी इथे थांबत नाही. ऐंशीच्या दशकात पूर्वेला मिठागरं आणि खाडी, पश्चिमेला एल.बी.एस. रोडवरचे कारखाने आणि त्यांच्यामागे टेकडीकडे चढत गेलेल्या चाळी-झोपड्या. कारखान्याच्या भोंग्यावर दिवस चालणारी वस्ती. विनोदचे वडील मेकॅनिक होते, आणि स्वतः क्लब क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाजी करायचे. मुलगा मात्र दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात आणि शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांच्या नेटमध्ये. म्हणजे रोजची स्लो गाडी आणि रोजचं किट.

सकाळच्या स्लो गाडीत किट बॅग घेऊन चढणारा मुलगा आजही त्या लाइनीवर दिसतो. बॅग त्याच्या छातीला लागेल एवढी उंच. खांद्यावर घेतली तर मागच्याला लागते, खाली ठेवली तर सगळ्यांच्या पायात येते. ‘ए हीरो, लगेजच्या डब्यात जा की!’ असं कुणीतरी ओरडतंच. घाटकोपरला लोंढा आत घुसला की बॅटचा दांडा पोटाशी घट्ट धरून उभं राहायचं, आणि दादरला उतरायचं असेल तर कुर्ला गेल्या गेल्या दाराकडे सरकायला लागायचं. कोपर मारल्याशिवाय तिथे कुणाला वाट मिळत नाही. उपनगरातल्या मुलाचा जो आगाऊपणा पुढे मोठ्यांच्या डोळ्यांवर येतो, त्याची पहिली शिकवणी या दारातच झालेली असते.

चाळीतलं क्रिकेटही त्याच जातीचं. पत्र्यावर गेला तर आउट. कुणाच्या घरात गेला तर आउट, शिवाय बॉलही गेला. गटारात गेला तर ज्याने मारला त्यानेच हात घालून काढायचा. एकदा बॅट हातात आली की ती सोडायची नाही, कारण पुन्हा पाळी येईपर्यंत दिवस मावळतो. असल्या खेळात वाढलेला मुलगा खऱ्या मैदानावर गेला की दोन गोष्टी सोबत नेतो: मिळालेली बॅटिंग न सोडण्याचा हट्ट आणि कुणाचं न ऐकण्याची सवय.

फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर या दोन्ही गोष्टी एकदमच दिसल्या. हॅरिस शील्डचा उपांत्य सामना, शारदाश्रमविरुद्ध सेंट झेवियर्स. विनोद नाबाद ३४९, सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, दोघांची अखंड भागीदारी ६६४ धावांची, शाळेच्या २ बाद ७४८. विनोदला नुकतंच सोळावं पूर्ण झालं होतं, सचिनला पंधरावंही पूर्ण व्हायचं होतं… म्हणजे चौदा पूर्ण होऊन जेमतेम दहा महिने झाले होते. समोरच्या गोलंदाजांत साईराज बहुतुले होता, जो पुढे भारताकडून खेळला. डाव घोषित करा, असा निरोप बाहेरून येत होता आणि ही दोन पोरं तिकडे बघायलाच तयार नव्हती. अखेर सरांचा हुकूम पोचला तेव्हा विनोदला साडेतीनशेला एक धाव हवी होती. ती मिळाली नाही. मग त्याने चेंडू हातात घेतला आणि ३७ धावांत ६ बळी काढले.

हा सामना जो तो सचिनच्या गोष्टीचा पहिला अध्याय म्हणून सांगतो. मी तो विनोदच्या स्वभावाचा पुरावा म्हणून वाचतो. सोळा वर्षांचा मुलगा थकत नाही, कंटाळत नाही, त्रिशतक झालं म्हणून फटका उधळून परत येत नाही. एकाग्रता याहून वेगळी काय असते? आणि सरांचा निरोप कानाआड करणं हा त्याच एकाग्रतेचा दुसरा चेहरा होता. आज्ञाधारक मुलगा दोनशेवरच थांबला असता.

सचिनने सांगितलेला त्याच काळातला एक किस्सा आहे. सामना चालू असताना विनोद बॅट बाजूला ठेवून चक्क पतंग उडवायला लागला आणि आचरेकर सर झाडाआड उभे राहून ते पाहत होते. विनोद धावा काढत होता तोवर हा किस्सा लोकांनी हसत हसत सांगितला. त्याचं नाव संघातून गेल्यावर तोच किस्सा मान हलवत सांगितला जाऊ लागला: बघा, तेव्हाच कळायला हवं होतं. किस्सा एकच, मुलगा एकच. बदलला होता तो फक्त धावफलक. स्वभावाविषयीचे आपले बरेचसे निवाडे असे निकाल लागल्यानंतर लिहिलेले असतात.

१९९३ साल आठवतं. डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगलींतून मुंबई नुकती बाहेर पडत होती. संध्याकाळ झाली की लोक घर गाठायच्या घाईत असायचे, गाड्यांत नेहमीचा गलका नव्हता. १८ जानेवारीला, आपल्या एकविसाव्या वाढदिवशी, विनोदने जयपूरला इंग्लंडविरुद्ध पहिलं एकदिवसीय शतक ठोकलं. महिनाअखेरीस कोलकात्यात त्याने कसोटीत पदार्पण केलं आणि फेब्रुवारीत वानखेडेवर २२४ धावा काढल्या. आमच्या मजल्यावर ज्यांच्याकडे रंगीत टीव्ही होता त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडला होता. एरवी एकमेकांशी न बोलणारी दोन घरंही त्या खोलीत शेजारी शेजारी बसली होती. फिरकी गोलंदाजाला पुढे सरसावून त्याने सरळ डोक्यावरून मारलं की घरातल्या बायकाही स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या. कांजूरचा पोरगा इंग्लंडला मारतोय, हे तेव्हा आम्हाला पुरेसं होतं.

१२ मार्चला बॉम्बस्फोट झाले. शेअर बाजारापासून जुहूच्या सेंटॉर हॉटेलपर्यंत शहर हादरलं. दुसऱ्याच दिवशी, १३ मार्चला, दिल्लीत झिम्बाब्वेविरुद्धची कसोटी सुरू झाली, आणि ज्याचं सगळं गणगोत मुंबईत होतं त्या एकवीस वर्षांच्या मुलाने तिथे २२७ धावा काढल्या. सलग दोन कसोट्यांत दोन द्विशतकं. पुढे श्रीलंकेत कोलंबोला १२५ आणि १२०. हजार कसोटी धावा त्याने १४ डावांत पूर्ण केल्या. भारतीयांत याहून कमी डावांत ते अजून कुणालाही जमलेलं नाही. यशस्वी जैस्वाललाही १६ डाव लागले. ज्याच्या स्वभावात ठेहराव नाही असं आपण म्हणतो, त्या माणसाच्या हिशेबात हे वर्ष कुठे मांडायचं?

पण दुसऱ्या बाजूचंही म्हणणं पुरतं ऐकलं पाहिजे, कारण तेही त्याच धावफलकात लिहिलेलं आहे. त्या चार शतकांच्या धावा झाल्या ६९६. विनोद एकूण २१ डाव खेळला. उरलेल्या १७ डावांत मिळून ३८८ धावा, म्हणजे बाद होण्यागणिक साधारण २४. चार डावांत डोंगर आणि बाकी सगळं पठार. १९९४ च्या अखेरीस वेस्ट इंडिजचा संघ आला तेव्हा कोर्टनी वॉल्श आणि केनी बेंजामिन यांनी बरगडीच्या रोखाने टाकलेल्या उसळत्या चेंडूंनी त्याचं दुखणं उघडं पाडलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शारजाला शेन वॉर्नच्या एका षटकात २२ धावा लुटणारा हाच फलंदाज आखूड टप्प्यापुढे अवघडायचा. बॅट उंच उचलून फिरकीवर तुटून पडणारे हात छातीवर येणाऱ्या चेंडूपुढे खाली ठेवणं त्याला जमत नव्हतं. ही उणीव खरी होती. तिच्यावर नाराजी दाखवणं सोपं होतं. तिच्यावर महिनोन्‌महिने काम करून घेणारं मात्र कुणी हवं होतं.

आता या दोन आकड्यांतला खरा कोणता? ५४ की २४? वाद घालणारे आपापल्या सोयीचा आकडा उचलतात. माझ्या मते दोन्ही खरे आहेत, आणि दोन्ही मिळून एकच गोष्ट सांगतात. हा २३ वर्षांचा, अजून घडायचा असलेला खेळाडू होता. प्रथम श्रेणीत तो पुढे खेळत राहिला आणि १२९ सामन्यांत ५९.६७ च्या सरासरीने ९,९६५ धावांवर थांबला. दहा हजारांना ३५ धावा कमी. रणजीत पहिल्याच चेंडूवर षटकार मारून आलेल्या माणसाने दीड दशक साठच्या आसपास सरासरी राखली, त्याला सातत्य नव्हतं असं कसं म्हणायचं? फार तर म्हणता येईल की घरच्या मैदानावरचं सातत्य वरच्या पायरीवर नेण्याएवढी सवड त्याला कसोटीत मिळाली नाही.

सवड न मिळण्याचं एक कारण साधं होतं. जागा भरल्या. १९९६ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याचं नाव नव्हतं. लॉर्ड्सवर जूनमध्ये सौरव गांगुलीने पदार्पणात १३१ केल्या, राहुल द्रविडने ९५. वर्ष संपायच्या आत व्ही.व्ही.एस. लक्ष्मणही आला. मधल्या फळीत मग दशकभर कुणाला शिरकाव नव्हता.

दुसरं कारण मात्र धावफलकात नाही. विनोदच्या कानात डूल होता, गळ्यात साखळ्या होत्या, बॅटच्या मुठीवर रबरी ग्रिपचे थर होते. तो मोठ्याने हसायचा, मैदानात नाचायचा. मराठी मध्यमवर्गाने क्रिकेटपटूची एक मूर्ती घडवलेली होती: खाली मान, मोजकं बोलणं, शतक झालं तरी फक्त बॅट उंचावणं. सचिन त्या मूर्तीत चपखल बसला. विनोद बसला नाही, आणि बसायची त्याला इच्छाही नव्हती. त्यामुळे सचिन शून्यावर बाद झाला की आम्ही खेळपट्टीला दोष द्यायचो आणि विनोद शून्यावर बाद झाला की त्याच्या डुलाला. हे मी दादरच्या चाळींत ऐकलं आहे, मुलुंडच्या सोसायट्यांत ऐकलं आहे, आणि ते न्यायाचं नव्हतं.

१३ मार्च १९९६ ची रात्र तर सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. ईडन गार्डन्सवर विश्वचषकाचा उपांत्य सामना, श्रीलंकेच्या २५१ धावांपुढे भारत ८ बाद १२०, प्रेक्षकांतून बाटल्या, स्टँडमध्ये जाळ, आणि सामना श्रीलंकेला बहाल. नाबाद १० वर असलेला विनोद डोळे पुसत मैदानाबाहेर आला. त्याच स्पर्धेत कानपूरला त्याने झिम्बाब्वेविरुद्ध १०६ धावा केल्या होत्या, पण लक्षात राहिलं ते रडणं. किती जणांनी तेव्हा म्हटलं की हा मनाने कच्चा आहे! माझ्या मते त्या संघात त्या क्षणी जे सगळ्यांना वाटत होतं ते एकट्याच्या चेहऱ्यावर आलं. भरून आलेलं मन लपवता न येणं हा गुन्हा नाही. ज्या मनातून २२४ धावा आल्या, त्याच मनातून ते अश्रूही आले.

त्यानंतरची वर्षं मी त्याच्या बाजूने रंगवून सांगणार नाही. एकदिवसीय संघात तो आत-बाहेर होत राहिला. नऊ वेळा पुनरागमन केल्याचं त्याच्या बाबतीत नेहमी सांगितलं जातं. ऑक्टोबर २००० मध्ये शारजाला तेही संपलं: १०४ सामने, २,४७७ धावा. दारूविषयी तो स्वतःच जाहीरपणे बोलला आहे. २००९ मध्ये टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात, सचिनने आपल्यासाठी अधिक काही करायला हवं होतं, अशा अर्थाचं बोलून त्याने सगळ्या महाराष्ट्राचा रोष ओढवून घेतला. त्याच वर्षी विक्रोळीतून विधानसभेला उभा राहिला आणि हरला. २०११ मध्ये ईडनच्या त्या सामन्यातल्या नाणेफेकीच्या निर्णयावर संशय घेऊन त्याने आणखी वाद ओढवला. मोठ्या माणसाने घेतलेल्या निर्णयांची जबाबदारी त्याचीच असते, ती चाळीवर, गाडीवर किंवा निवड समितीवर टाकता येत नाही. मी त्याच्यावर माया करतो म्हणून ती जबाबदारी काढूनही घेणार नाही. पण ही सगळी वर्षं १९९५ च्या नंतरची आहेत. मागाहून घडलेल्या गोष्टींचा पुरावा देऊन आधीची शिक्षा योग्य ठरवायची, ही आपल्या वादातली मोठी गफलत आहे.

सवड मिळाली तर काय होतं, याचा दाखला आपल्याच उपनगरात आहे. रोहित शर्माचे आईवडील डोंबिवलीला एका खोलीत राहायचे, तो बोरिवलीला आजी-आजोबा आणि काकांकडे वाढला. दिनेश लाड सरांनी त्याला हेरलं आणि स्वामी विवेकानंद शाळेत फी माफ करून आणलं. भारतीय संघात तो २००७ मध्ये आला आणि पुढची पाच-सहा वर्षं त्याच्याविषयीही हाच वाद होता: फटके देखणे, पण भरवसा नाही. २०११ च्या विश्वचषकातून तो वगळला गेला. २०१२ मध्ये श्रीलंकेत त्याच्या पाच डावांतल्या धावा होत्या ५, ०, ०, ४ आणि ४. त्या मालिकेनंतर त्याला घरी बसवलं असतं तर कुणी तक्रार केली नसती. पण कर्णधार महेंद्रसिंह धोनीने त्याला सोडलं नाही, जानेवारी २०१३ मध्ये मोहालीला सलामीला पाठवलं, आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये कसोटी पदार्पणात १७७, वर्षभराने ईडनवरच एकदिवसीय सामन्यात २६४. आज आपण रोहितच्या शांत स्वभावाचं कौतुक करतो. तो स्वभाव २०१२ मध्येही तोच होता, तेव्हा आपण त्याला आळस म्हणत होतो.

रोहित वादग्रस्त नव्हता, असं कुणी म्हणेल. मग बेन स्टोक्सकडे पाहा. सप्टेंबर २०१७ मध्ये ब्रिस्टलला रात्री एका क्लबबाहेर मारामारी, अटक, त्यापायी ऑस्ट्रेलियाचा ॲशेस दौरा गमावला. २०१८ मध्ये न्यायालयाने निर्दोष सोडलं. २०१९ मध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नाबाद ८४, आणि त्याच उन्हाळ्यात हेडिंग्लेला नाबाद १३५. २०२१ मध्ये मन ठिकाणावर नाही म्हणून त्याने क्रिकेटपासून सुट्टी घेतली, ती दिली गेली आणि पुढे तोच इंग्लंडचा कसोटी कर्णधार झाला. इंग्लंडच्या क्रिकेटने त्याला शिक्षाही केली आणि जवळही ठेवलं. विनोदच्या काळात आपल्याकडे ही दोन्ही कामं एकदम करता येतात हे ठाऊकच नव्हतं. वार्षिक करार नव्हते, संघासोबत मनाचा अभ्यास असलेलं कुणी नव्हतं, बंगळुरूची राष्ट्रीय अकादमीही २००० साली आली. संघात असलास तर आमचा, बाहेर गेलास तर तुझं तू बघ, असा सगळा मामला.

तरीही केवळ सोयी पुरवून प्रश्न सुटत नाही, हे पृथ्वी शॉने दाखवलं. विरारचा मुलगा, पहाटेच्या गाडीने वांद्र्याला सरावाला येणारा. नोव्हेंबर २०१३ मध्ये हॅरिस शील्डमध्येच रिझवी स्प्रिंगफील्डकडून बोरिवलीच्या सेंट फ्रान्सिस डी’ॲसिसी शाळेविरुद्ध त्याने ५४६ धावा काढल्या. चौदा वर्षांचं पोर. ऑक्टोबर २०१८ मध्ये राजकोटला कसोटी पदार्पणात १३४. पुढच्या वर्षी खोकल्याच्या औषधातल्या बंदी घातलेल्या द्रव्यामुळे आठ महिन्यांची बंदी. जानेवारी २०२३ मध्ये आसामविरुद्ध ३७९, आणि २०२४ मध्ये तंदुरुस्तीच्या कारणावरून मुंबईच्या रणजी संघातूनच बाहेर. मग आयपीएलच्या लिलावात बोली नाही. २०२५ मध्ये महाराष्ट्राकडे जाऊन त्याने चंडीगडविरुद्ध पुन्हा द्विशतक ठोकलं. विनोदला जे मिळालं नाही ते याला मिळालं होतं: पैसा, प्रशिक्षक, फिजिओ, आयपीएलमध्ये शेजारी बसणारे जगातले थोर खेळाडू. तरी वाद तोच, शब्दही तेच.

मला यातून एक दिसतं. मुंबईच्या मैदानांनी मुलांचे पाय, खांदे, मनगटं घडवायला कधी कसूर केली नाही. आचरेकर सर स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे. एका मैदानावरून दुसऱ्यावर नेऊन दिवसभर सामने खेळवायचे. कांगा लीगच्या ओल्या खेळपट्टीवर बॅकफूट पक्का व्हायचा. हरायचं नाही, विकेट फेकायची नाही, हा खडूसपणा आपण दुधाच्या दातांबरोबर शिकवला. पण चौदाव्या, सोळाव्या, एकविसाव्या वर्षी अख्खं शहर तुमचं नाव घ्यायला लागल्यावर संध्याकाळी घरी जाऊन काय करायचं, अपयश आल्यावर कुणाला फोन करायचा, हे शिकवणारं नेट आपल्याकडे कधी लागलंच नाही. ते ज्याच्या घरात असतं तो तरतो. सचिनच्या घरात ते होतं: प्राध्यापक वडील, सावलीसारखा मोठा भाऊ अजित. मोठा भाऊ ही काही कमावलेली गुणवत्ता नव्हे, ते दैव आहे. आपण मात्र त्या दैवाला सचिनचा स्वभाव म्हणतो आणि त्याच्या अभावाला विनोदचा.

परवा मुलुंडमधल्या एका मैदानावर नेटच्या बाहेर उभा होतो. दहा-अकरा वर्षांचा एक डावखुरा मुलगा, हेल्मेट डोळ्यांपर्यंत घसरलेलं, प्रत्येक चेंडूवर पुढे येऊन मारत होता. दोन चेंडू सुरेख लागले. तिसऱ्याला दांडी गुल झाली. त्याने बॅट जमिनीवर आपटली. जाळीबाहेरून वडील ओरडले, ‘ए, कांबळी होऊ नकोस!’ आजूबाजूचे पालक हसले. सर तरुण होते. ते ओरडले नाहीत. जवळ गेले, मुलाच्या हेल्मेटचा पट्टा सैल होता तो आवळला, आणि विचारलं, ‘राग कुणाचा आला? बॉलचा की बाबांचा?’ मुलगा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘बाबांचा.’ सर म्हणाले, ‘ठीक आहे. नेट संपल्यावर सांगू त्यांना. आता हा बॉल बघ.’ पुढचा चेंडू त्याने खाली खेळून काढला. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. मला वाटतं, विनोदच्या पिढीला नेमकं हे अर्धं मिनिट कुणी दिलं नाही, आणि मागणं हाही तेव्हा कमीपणा होता.

३ डिसेंबर २०२४ ला शिवाजी पार्कवर आचरेकर सरांच्या स्मारकाचं अनावरण झालं. विनोदने सचिनचा हात धरून ठेवला होता, बोलताना जीभ अडखळत होती, तरी सरांसाठी त्याने गाणं म्हटलं. तो व्हिडिओ सगळ्या मोबाइलवर फिरला. काही जण हळहळले, पुष्कळांनी धडा काढला. तीनच आठवड्यांत तो भिवंडीच्या रुग्णालयात दाखल झाला. नंतर मदतीचे हात पुढे आले, सुनील गावसकरांच्या संस्थेने दरमहा रक्कम सुरू केली. हे सगळं चांगलंच झालं. पण एवढी माणसं त्याच्याभोवती १९९५ च्या डिसेंबरात जमली असती तर?

म्हणून या वादात माझी बाजू मी स्पष्ट सांगतो. विनोदच्या खेळात उणीव होती, वागण्यात चुका होत्या, आणि तरीही २३ व्या वर्षी ५४ ची सरासरी असलेल्या फलंदाजाला अठरावी कसोटी मिळायलाच हवी होती. उसळत्या चेंडूवर काम करून घेणारा एक माणूस आणि रात्री त्याच्याशी बोलणारा एक माणूस, एवढं सोबत देऊन मिळायला हवी होती. ते आता होणार नाही. पण मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीच्या मैदानांवर आज शेकडो मुलं सीझन बॉल खेळतात आणि त्यांत रागीट, हट्टी, डोक्यात वारं शिरलेली मुलं असणारच, कारण तसल्याच मुलांतून उद्या एखादं २२४ येतं. जाळीबाहेर उभ्या राहणाऱ्या आई-वडिलांना आणि सरांना माझं एवढंच सांगणं आहे: विनोदचं नाव घेऊन मुलाला धाक घालू नका. वानखेडेवरची त्याची खेळी मुलाला बसवून दाखवा, आणि ती बघून झाली की त्याला बोलतं करा. बॅकफूटइतकीच मनाचीही रोज तालीम घ्या. स्वभाव हा मुलावरचा शेवटचा शिक्का मानू नका. तिथून तुमचं काम सुरू होतं.